आपटलं असेल कुठेतरी

९ मार्च

प्रिय नणंदबाई,

तू दादाला लिहिलंस, "वहिनीला सांग, मी तिला दोष देत नाही." त्याने ते जहाजावरून जसंच्या तसं माझ्या फोनवर पाठवलं, स्वतःचा एक शब्दही न घालता. मी चष्म्यांच्या दुकानात चाकावर एक काच घासत होते. वाचता वाचता तिची कड जास्त घासली गेली आणि टाकून द्यावी लागली.

म्हणजे तुला वाटतं, मी बाबांना मारते. आणि नुसतं वाटून थांबली नाहीस, वर मला माफही करून टाकलंस!

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकीट फाडून टाकायचं तरी आधी हातात धरावं लागतं.

नाही गं मारत मी त्यांना. दादाने तुला पाठवलेला फोटो मीच काढला होता. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग, काही मसुराएवढे, काही माझ्या तळव्याएवढे. कातडीखाली शाई सांडावी तसे. दुखत नाहीत म्हणतात. घड्याळाचा पट्टा आवळला तरी उठतात आणि मग कितीतरी दिवस जात नाहीत, हळूहळू तपकिरी होत राहतात. मागच्या महिन्यात जिन्यात त्यांचा पाय घसरला, मी दंड धरून सावरलं. दुसऱ्या दिवशी तिथे चार पट्टे होते आणि मागच्या बाजूला अंगठ्याचा एक. ते आंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी न राहवून त्यावर बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली.

खालच्या मजल्यावरच्या बाई परवा म्हणाल्या, "सासऱ्यांना काही लागलं सवरलं तर सांगत जा हं, आम्ही आहोत." बोलत माझ्याशी होत्या, पण बघत माझ्या हातांकडे होत्या.

आणि बाबांना विचारलं की म्हणतात, "आपटलं असेल कुठेतरी."

हे वाक्य आईंचं, ते तुला सांगायला नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं, बोललं कोण ते. तोच सूर, तसंच बाही खाली ओढणं, तसंच भिंतीकडे बघणं. एवढ्या उकाड्यात ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात आणि मनगटाशी बटण लावतात. रोज सकाळी खिडकीपाशी जाऊन ते बटण काढतात, नवा डाग बघतात. घाबरत नाहीत. कुणी ओळखीचं भेटल्यासारखी मान हलवतात. एकदा "आलीस का?" असं ऐकू आलं. मला विचारताहेत असं वाटून मी "हो" म्हटलं, तर केवढ्याने दचकले.

आई गेल्या तेव्हा त्यांना शेवटचे कपडे चढवताना तू मला एकच विचारलंस, "तुला दिसत नव्हतं?" आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. मी या घरात खूप नंतर आले. तुला काय दिसलं होतं ते मला कधी कुणी सांगितलं नाही. आता तू सांग. बाबांना मी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेते आहे. नको नको करताहेत, पण नेणार.

तुझी
वहिनी

२ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांत या घरात आलेलं तुझं पहिलं पत्र, तेही माझ्या नावे, दुकानाच्या पत्त्यावर. बाबांना दाखवलं नाही.

तू लिहितेस की तू शाळेत होतीस तेव्हापासून आईंच्या हातांवर डाग असायचे. विचारलं की त्या म्हणायच्या, आपटलं असेल, लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलाची कड लागली असेल. तू दोनदा त्यांना घेऊन घर सोडायला निघालीस आणि दोन्ही वेळा त्या दारातून परत फिरल्या. पुढे बाबा मागच्या खोलीत झोपू लागले. त्या खोलीला बाहेरून कडी होती आणि आई रोज झोपायच्या आधी ती लावायच्या. "ज्या बाईला नवऱ्याला कोंडून झोपावं लागतं, तिला मी आणखी काय विचारायचं होतं?" असं तू लिहिलं आहेस.

ती कडी अजून आहे. मी आले तेव्हा ती कुणी लावत नसे. मला वाटायचं, पूर्वी तिथे अडगळ ठेवत असतील.

 आता डॉक्टरांकडे काय झालं ते लिहिते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, घाईत बोलतात. बाबांचे हात पाहिल्याबरोबर मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." मी बसले. काय विचारणार ते मला माहीतच होतं. पुन्हा आत बोलावलं तेव्हा बाबा जरा वेगळेच दिसत होते. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "मला विचारलं, सून मारते का. मी नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं." थोड्या वेळाने म्हणाले, "माझं 'नाही' कुणी लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ."

मला आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाईंना पारदर्शक काचपट्टी हवी होती आणि ती सापडेना. माझ्या पर्समध्ये चष्म्याची एक न कापलेली काच होती, ती दिली. त्यांनी ती डागावर दाबून धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. "साधी लाली असती तर दाबल्यावर फिकट झाली असती. हे होत नाही. रक्त शिरेतून बाहेर येऊन कातडीखाली साठलंय. याला परप्युरा म्हणतात."

"नाव तर एखाद्या फुलझाडासारखं आहे," बाबा म्हणाले. कुठे काय बोलावं!

पण परप्युरा हा स्वतः रोग नाही म्हणे, ती रोगाची खूण. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या तर होतो, शिरांना सूज आली तर होतो, जंतुसंसर्गाने होतो, म्हातारपणी कातडी विरली तर होतो, आणि औषधांनीही होतो. रक्त तपासलं. पेशी चांगल्या भरपूर आहेत.

"काय काय औषधं घेता?"

"काहीच नाही."

"इतकी वर्षं तलावाच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवलंत. गुडघे दुखत नाहीत?"

"दुखायचे. आता पुडी घेतो, मस्त आहेत."

"म्हणजे औषध घेता."

"औषध नाही हो, पुडी आहे. झाडपाल्याची."

तलावामागच्या गल्लीतला तो पुडीवाला तुला आठवत असेल. बरणीतून पांढरी पूड काढतो आणि कागदात बांधून देतो. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं आणि मला घरातून एक पुडी आणून द्यायला सांगितलं, तपासायला पाठवण्यासाठी. मी दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. डबा कुठे असतो ते मला माहीत होतं. आईंचाच डबा तो. त्याही तीच पुडी घ्यायच्या ना गं? लाँड्रीत दिवसभर उभं राहून गुडघे धरायचे म्हणून?

आठव. नीट आठव.

तुझी
वहिनी

१९ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

सावकाश वाच. जमलं तर बसून वाच.

पुडीत झाडपाला नाही. स्टेरॉइड आहे आणि सोबत एक जालीम वेदनाशामक. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्यासमोर ठेवून समजावलं. स्टेरॉइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्या खालच्या बारीक शिरांना आधार राहत नाही. कुठे टेकलं, कुणी धरलं, नुसती बाही घासली, तरी त्या फुटतात. वेदनाशामकामुळे रक्त गोठायलाही वेळ लागतो. चेहरा वाटोळा होतो, रक्तदाब चढतो. बाबांचे गाल अलीकडे गुटगुटीत दिसायचे, तर सगळे म्हणायचे, सुनेच्या हाताला चव आहे. घ्या चव!

मी सांगितलं, "माझ्या सासूबाई हीच पुडी घ्यायच्या. खूप वर्षं. हातांवर असेच डाग असायचे. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला, त्यात गेल्या."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "त्यांना मी तपासलेलं नाही. शपथेवर सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगताय ते सगळं यात बसतं."

तुला मी एवढंच देऊ शकते. जेवढं त्या म्हणाल्या तेवढंच.

 घरी चहा ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगी घर सोडून गेली ती या डागांमुळेच, हे मला माहीत होतं."

"तुम्ही कधी बोलला का नाहीत तिच्याशी?"

"काय बोलणार होतो? मी मारत नाही, असं म्हणणारा माणूस मारणाराच वाटतो. तुझ्या सासूने शंभरदा सांगितलं तिला. जितकं सांगितलं तितकं तिला उलटंच पटत गेलं." मग कपाकडे बघून म्हणाले, "तूही चहा माझ्या हातात देत नाहीस. टेबलावर ठेवतेस."



मग मी कडीबद्दल विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझं काही घालत नाही.

"मी झोपेत पोहतो. लहानपणापासून. हात मारतो, पाय मारतो. तिच्या अंगावर डाग दिसायला लागले तेव्हा मला वाटलं, माझेच हात लागत असणार. म्हणून मागच्या खोलीत गेलो. तरी डाग येतच राहिले. मग वाटायला लागलं, मी झोपेत उठून जात असेन. जाऊन काय करत असेन, कुणाला ठाऊक. मीच तिला म्हटलं, बाहेरून कडी लाव. ती नाही म्हणत होती. मी हट्ट केला. कडी लावूनही सकाळी डाग असायचेच. मी दार बघायचो, खिडकी बघायचो. माणूस कुठून बाहेर पडला असेल, ते शोधायचो. आणि तो माणूस मीच."

अगं, ते दुपारी आरामखुर्चीत डुलकी घेतात ना, तेव्हाही दोन्ही हात मांडीखाली दाबून झोपतात. मला वाटायचं, थंडी वाजत असेल. आई जाऊन दोन वर्षं झाली. आता कुणाला लागणार होतं त्यांच्या हातांचं?

आईंच्या मागे डब्यात ज्या पुड्या उरल्या त्या त्यांनी घ्यायला सुरुवात केली. स्वतःच्या हातावर पहिला डाग आला तेव्हा त्यांना वाटलं, आई आल्या, जे दिलं ते परत द्यायला. "बरं वाटलं मला," म्हणाले. बरं वाटलं!

पुडी एकदम बंद करायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलंय. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात. शरीराला लागणारं हेच रसायन त्या बनवतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं म्हणून त्या काम विसरल्या आहेत. आता तेच औषध गोळीतून मोजून द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं, म्हणजे त्या जाग्या होतील. गोळ्या आणल्या आहेत. सकाळी न्याहारीनंतर मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवते, ते वर पाणी पितात.

तू काय करतेस ते तुझं तू ठरव. मी तुला ये म्हणत नाही.

वहिनी

२३ एप्रिल

नणंदबाई,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. फोन करून पाहिला, तुझा बंद आहे.

बाबा गोळ्या घेत नव्हते. तोंडात धरायचे आणि माझी पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत थुंकायचे. आज सकाळी कुंडीत सापडल्या, विरघळून चिकटलेल्या. पुड्याही त्यांनी गोळ्या आणल्या त्याच दिवशी बेसिनमध्ये ओतल्या होत्या. काल दिवसभर उलट्या, नुसतं पडून राहिले. मला वाटलं, मनाला लागलं असेल. आज न्हाणीघरात कोसळले. रक्तदाब लागत नव्हता, अंग गार. शिरेतून तेच औषध भराभर दिलं तेव्हा कुठे डोळे उघडले.

डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस बघू.

मघाशी शुद्धीवर होते तेव्हा विचारलं, का केलंत असं? म्हणाले, "जे तिला खाऊन गेलं तेच मी रोज सकाळी खायचं?"

मागच्या पत्रात लिहिलं की ये म्हणत नाही. आता म्हणते. ये.

वहिनी

११ जून

प्रिय नणंदबाई,

तू आली नाहीस म्हणून मी रागावले होते, ते खोटं नाही. पण तेव्हा बाबांकडे बघायचं होतं, रागाला वेळच मिळाला नाही. वाचले गं बाबा. आता घरी आहेत. जिना एका दमात चढत नाहीत, मध्येच उभे राहून भिंतीच्या रंगाची चौकशी करतात, म्हणजे दम लागलाय असं मला वाटू नये.

गोळी घेतात आता. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या, "औषध वाईट नाही हो. मोजून दिलं तर यानेच माणसं वाचतात, तुम्हीही यानेच वाचलात. न सांगता, न मोजता दिलं, तो गुन्हा." बाबा म्हणाले, "पण मी काही विचारलंच नाही त्याला. काय आहे पुडीत, असं एकदाही नाही."  गोळीचा डोस दोनदा कमी केलाय. डागांचं मात्र फारसं काही करता येत नाही. कातडीला मऊ मलम लावायचं, मार चुकवायचा, आणि दुखण्यावर विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. जुने पिवळे पडताहेत. नवे कमी येतात, पण येतात. गुडघे पुन्हा दुखायला लागले आहेत, त्याला व्यायाम दिलाय.

पुडीवाल्यावर तक्रार केली. त्याचं दुकान बंद झालं आणि पुन्हा दोन गल्ल्या सोडून उघडलं. रांग तेवढीच. मागच्या आठवड्यात बाबा मला न सांगता तिथे गेले. मला दुकानात कुणीतरी येऊन सांगितलं, तुमचे मास्तर भर रस्त्यात उभे आहेत. मी धावत गेले. रांगेच्या बाजूला उभे, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. एकेकाला हात दाखवत होते. "हे बघा. माझ्या बायकोलाही होतं." ज्या माणसाने उन्हाळाभर चारचौघांत मनगटाचं बटण काढलं नाही, तो. एकाने हसून म्हटलं, "मास्तर, वय झालं की होतंच." दुसरा म्हणाला, मग आमचे गुडघे तुम्ही चोळणार का? एक बाई तेवढी रांगेतून बाहेर आली. भिंतीकडे तोंड करून तिने स्वतःची बाही वर केली, पाहिलं, आणि निघून गेली. बाबा ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत होते. तेव्हापासून रोज जातात. मी अडवत नाही.

आता रविवारचं.

तू फोन केलास तेव्हा मी शेजारीच होते. तुला काय वाटलं असेल मला माहीत नाही, पण फोन कानाला लावल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तुझं रडणं मलाही ऐकू येत होतं. तुला शब्द फुटत नव्हता. तेव्हा ते जे बोलले तो आवाज मी या घरात कधी ऐकलेला नाही. तलावाच्या काठावरचा आवाज असावा तो.

"आधी श्वास घे. तोंडाने घे, नाकाने सोड. घाई नाही. मी इथेच उभा आहे."

आणि खरंच उभे राहिले होते, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, तुझा श्वास जागेवर येईपर्यंत.

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माफी मागत होती."

"मग? बरं झालं ना?"

"ती मला गुन्हेगार समजत होती ते सोपं होतं. ते खोटं होतं. कधी कधी मलाही खरं वाटायचं, पण आत कुठेतरी ठाऊक होतं की खोटं आहे. त्यावर मी उभा होतो इतकी वर्षं. आता जे कळलंय ते खरं आहे. दर आठवड्याला तलावावरून येताना पुडी मी आणायचो. माझ्या हाताने. ती कधी कधी नको म्हणायची, तोंड कडू होतं म्हणायची. मी म्हणायचो, घे, आराम पडेल."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय माहीत होतं? तुमची काही चूक नाही." ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. दिवे लागले तरी बाहेर आले नाहीत.

म्हणून तुला आधीच सांगून ठेवते. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा माफी आणू नकोस आणि 'तुमची चूक नाही' हे वाक्य तर अजिबात आणू नकोस. मी म्हणून पाहिलंय, त्याने काही होत नाही. तू काय बोलावंस ते मला सुचत नाही. तुलाही सुचत नसेल तर गप्प बसा दोघं, मी चहा करते.

आज सकाळी चहा देताना, हातात देताना, त्यांनी मला विचारलं, "तिचा आवाज तिच्या आईसारखा झालाय का गं, की मलाच तसा ऐकू आला?"

मला खरंच सांगता येईना. मी म्हटलं, ती येतेच आहे, समोर बसवून ऐका. ते म्हणाले, "आईसारखा असला तर मी काय करू?"

 तुझी गाडी कितीची आहे ते कळव. स्टेशनवर आम्ही दोघं येऊ.

तुझी
वहिनी